विश्लेषण : राख जड, धातू हलका! तराजूने रसायनशास्त्र बदलणारे लव्हाझिए कोण होते?

नववीच्या विज्ञानात द्रव्य अक्षय्यतेचा नियम येतो, त्याबरोबर आंत्वान लव्हाझिए हे नावही येते. दोन गुणांसाठी नाव पाठ होते आणि विसरलेही जाते. पण हा माणूस पेशाने करवसुली कंपनीचा भागीदार होता आणि त्याच कारणासाठी त्याचा शिरच्छेद झाला, हे फारसे सांगितले जात नाही.

लव्हाझिए यांचा जन्म 26 ऑगस्ट 1743 रोजी पॅरिसमध्ये झाला. शिक्षण कायद्याचे, ओढ विज्ञानाची. 1768 मध्ये ते विज्ञान अकादमीत निवडून आले. त्याच वर्षी त्यांनी राजासाठी कर गोळा करणाऱ्या खासगी इजारदारांच्या कंपनीत पैसा गुंतवला. प्रयोगशाळेचा खर्च बराचसा याच कमाईतून निघे. हिशेबाची सवयही बहुधा इथलीच.

पाणी उकळत ठेवले 101 दिवस

पाणी खूप काळ उकळले की त्याची माती होते, असा तेव्हा समज होता. कारण भांड्याच्या तळाशी खरोखरच गाळ दिसे. लव्हाझिए यांनी काचेचे बंद भांडे आणि पाणी आधी तोलले आणि 101 दिवस तापवले. शेवटी एकूण वजन तेवढेच भरले. भांडे मात्र हलके झाले होते आणि गाळाचे वजन जवळपास त्या घटीइतके होते. म्हणजे गाळ पाण्याचा नव्हता, काचेचा होता. वाद घालण्याऐवजी वजन करायचे, ही त्यांची पद्धत.

फ्लॉजिस्टन म्हणजे काय?

जळणाऱ्या प्रत्येक वस्तूत ‘फ्लॉजिस्टन’ नावाचा पदार्थ असतो आणि जळताना तो बाहेर पडतो, असे त्या काळचे बहुतेक रसायनशास्त्रज्ञ मानत. अडचण एकच होती. धातू हवेत तापवला की त्याची भुकटी मूळ धातूपेक्षा जड भरते. काही बाहेर गेले, तर वजन वाढले कसे?

ऑक्टोबर 1774 मध्ये इंग्लंडचे जोसेफ प्रिस्टली पॅरिसला आले. पाऱ्याची लाल भुकटी तापवून मिळालेल्या नव्या वायूबद्दल त्यांनी लव्हाझिए यांना सांगितले. मग लव्हाझिए यांनी पारा मोजून घेतलेल्या हवेत 12 दिवस तापवला. लाल भुकटी तयार झाली आणि सुमारे एक-षष्ठांश हवा कमी झाली. उरलेल्या हवेत मेणबत्ती विझे. तीच भुकटी आणखी तापवल्यावर जवळपास तेवढीच हवा परत मिळाली. यावेळी मेणबत्ती प्रखर जळाली. म्हणजे धातूतून काही निघत नव्हते, हवेतून येत होते. या वायूला त्यांनी ऑक्सिजन नाव दिले. प्रिस्टली आणि स्वीडनचे शील यांनी तो आधीच मिळवला होता. त्यांना द्यायचे ते श्रेय लव्हाझिए यांनी मोकळेपणाने दिले नाही, ही त्यांची उणी बाजू.

चुकाही होत्या. 1789 च्या ग्रंथात त्यांनी 33 मूलद्रव्यांची यादी दिली. त्यात प्रकाश आणि उष्णताही आहेत! मात्र ज्याचे आणखी विघटन करता येत नाही ते मूलद्रव्य, ही त्यांची व्याख्या पुढे टिकली. ग्रंथातील उपकरणांची 13 चित्रे पत्नी मारी-आन यांनी काढली. त्या इंग्रजी शिकल्या आणि पतीसाठी इंग्रजी ग्रंथांची भाषांतरेही त्यांनी केली.

मग गिलोटिन का?

क्रांतीनंतर नव्या मापनपद्धतीच्या कामात लव्हाझिए होते. वस्तुमानाचे एकक ठरवण्यासाठी त्यांनी आयुई यांच्यासोबत पाण्याचे काटेकोर वजन केले. पण लोकांचा राग करवसुलीवर होता. चोरटा माल रोखण्यासाठी पॅरिसभोवती भिंत बांधण्याची सूचना याच लव्हाझिए यांची होती. नोव्हेंबर 1793 मध्ये इजारदारांना अटक झाली. तंबाखूत पाणी घालून वजन वाढवल्याचाही आरोप होता. 8 मे 1794 रोजी एकाच दिवसात खटला, निकाल आणि शिरच्छेद झाला. त्या दिवशी मारल्या गेलेल्या 28 जणांत मारी-आन यांचे वडीलही होते.

शिरच्छेदानंतर किती वेळा पापण्या लवतात हा शेवटचा प्रयोग लव्हाझिए यांनी केला, अशी गोष्ट अधूनमधून व्हॉट्सॲपवर फिरते. त्या काळातील नोंदींत तिला आधार नाही.

जप्त झालेले सामान मारी-आन यांना 1795 मध्ये परत मिळाले. पतीचे अपुरे राहिलेले शोधनिबंध त्यांनी नंतर स्वतः छापून अभ्यासकांना वाटले. लव्हाझिए यांचे तराजू आज पॅरिसच्या संग्रहालयात आहेत.