सुभेदारांच्या मुलाचा हिशोब

डॉ. बाबासाहेब आंबेडकर म्हटले की राज्यघटना आठवते. दर वर्षी १४ एप्रिलला आणि ६ डिसेंबरला आपल्या शाळेत त्यांच्यावर भाषणे होतात आणि बहुतेक भाषणे घटनेपासून सुरू होऊन घटनेवरच संपतात. मला या वर्षी त्यांच्याविषयी वेगळे काही लिहायचे आहे. बाबासाहेब पैसे कसे खर्च करत आणि कशावर करत नसत, याबद्दल हा लेख आहे. आमच्या हॉस्टेलमध्ये महिन्याच्या पॉकेटमनीवरून रोज वाद होतात. कोणी पहिल्या आठवड्यातच कँटीनमध्ये सगळे संपवतो, तर कोणी पैसे साठवून ठेवतो आणि साबणसुद्धा दुसऱ्याचा वापरतो. दोघेही स्वतःला शहाणे समजतात. बाबासाहेबांचे चरित्र वाचताना मला वाटले की या वादाचे उत्तर तिथे आहे.

आपल्या शाळेच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. बाबासाहेब हे फौजी घरातले. त्यांचे वडील रामजी मालोजी सकपाळ लष्करात सुभेदार होते आणि लष्करी शाळेत १४ वर्षे मुख्याध्यापक होते. आईच्या माहेरचे लोकही सैन्यातलेच. बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी मध्य भारतातल्या महू छावणीत झाला. माझे बाबाही सुभेदार आहेत, त्यामुळे मला हे वाचून विशेष आनंद झाला.

रामजी निवृत्त झाले तेव्हा त्यांना महिना ५० रुपये पेन्शन होते. घर मोठे होते. पुढे मुलांच्या शिक्षणासाठी ते मुंबईला आले आणि परळच्या चाळीत एका खोलीत राहू लागले. त्याच खोलीत स्वयंपाक, त्यातच सरपण, त्यातच झोपणे आणि त्यातच अभ्यास. वडील रात्री उशिरापर्यंत जागे राहत आणि दोन वाजता भीमरावांना अभ्यासासाठी उठवत. घरात सगळीकडे काटकसर होती, पण एका बाबतीत नव्हती. मुलाने नवे पुस्तक मागितले की सुभेदार लगेच बाहेर पडत. आधी धाकट्या लेकीच्या सासरी जाऊन उसने पैसे मागत. तिच्याकडे नसले तर थोरल्या लेकीकडे जात. तिच्याकडेही रोख नसेल तर ती अंगावरचा दागिना काढून देई. तो सावकाराकडे गहाण पडे, पुस्तक घरी येई आणि पेन्शन हातात आली की दागिना सोडवून मुलीला परत मिळे. पुढच्या पुस्तकाला पुन्हा तीच फेरी. हिशोबाच्या वहीत पाहिले तर हा माणूस उधळा वाटेल, कारण नसलेले पैसे खर्च करत होता. पण ते कर्ज वेळेवर फिटत होते आणि मुलगा शिकत होता.

पैसे हातात असले म्हणजे सगळे मिळते, असे आपल्याला वाटते. बाबासाहेबांना ते खोटे आहे हे नवव्या-दहाव्या वर्षीच कळले. १९०१ सालची गोष्ट. वडील तेव्हा सातारा जिल्ह्यातल्या खटाव तालुक्यात नोकरीला होते. त्यांनी मुलांना सुट्टीत बोलावले आणि खर्चाला पैसे पाठवले. मुलांनी नवे सदरे, जरीच्या टोप्या, रेशीमकाठी धोतरे आणि नवे बूट घेतले आणि साताऱ्याहून आगगाडीने मसूर स्टेशनावर उतरली. पत्र वेळेवर न पोचल्यामुळे त्यांना घ्यायला कोणी आले नव्हते. कपडे पाहून स्टेशनमास्तरांना ती मोठ्या घरची मुले वाटली. जात सांगितल्यावर त्यांचा चेहरा बदलला. बैलगाडीवाले भाडे घ्यायला तयार होईनात. शेवटी दुप्पट भाडे ठरले आणि तेही अशा अटीवर की गाडी मुलांनीच हाकायची आणि गाडीवान पायी चालणार. बरोबर जेवण होते, पण रात्रभर वाटेत कोणी पाणी दिले नाही, म्हणून तेही नीट जेवता आले नाही. खिशात पैसे, अंगावर नवे कपडे आणि घशाला कोरड. बाबासाहेबांनी पुढे मोठेपणी ही हकीकत स्वतः लिहून ठेवली आहे.

१९१२ साली ते बी.ए. झाले. १९१३ च्या फेब्रुवारीत वडील वारले. त्याच वर्षी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी त्यांना अमेरिकेत शिकायला पाठवले. शिष्यवृत्ती महिना साडेअकरा पौंड होती. न्यूयॉर्कसारख्या शहरात पहिले काही महिने त्यांनीही इतर विद्यार्थ्यांसारखे खेळण्यात आणि हिंडण्यात घालवले. मग त्यांनी स्वतःला आवरले. एक कप कॉफी, दोन मफिन आणि मटणाची किंवा माशाची एक डिश, एवढ्यावर ते भागवत. शिष्यवृत्तीतून काही पैसे घरीही पाठवावे लागत. नाटक, सिनेमा, मद्य, सिगारेट यांवर एक पैसाही जात नव्हता. पण जुन्या पुस्तकांच्या दुकानात गेले की तेच हात सैल होत. न्यूयॉर्क सोडेपर्यंत त्यांनी सुमारे २००० जुनी पुस्तके जमवली होती. पोट रिकामे आणि पेटी भरलेली, असा त्यांचा हिशोब होता.

१९१६ मध्ये ते लंडनला गेले, पण वर्षभरात शिष्यवृत्ती संपली आणि अभ्यास अर्धा टाकून परत यावे लागले. पहिले महायुद्ध चालू होते. त्यांचे सामान दुसऱ्या जहाजाने येत होते आणि ते जहाज शत्रूच्या पाणतीराने बुडाले. त्यात त्यांची पुस्तकेही गेली. त्या सामानाची जी भरपाई मिळाली त्यातूनच बडोद्याला नोकरीवर जाण्याचा खर्च निघाला. बडोद्यात पुन्हा मसूरचाच अनुभव आला. नोकरी होती, पगार होता, पण राहायला खोली कोणी देईना. एका पारशी धर्मशाळेत नाव बदलून रोज दीड रुपया देऊन ते राहिले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेल्या लोकांनी येऊन त्यांना तिथून निघायला सांगितले. दिवसभर ते जागेसाठी फिरले आणि शेवटी मुंबईला परत गेले.

१९१८ मध्ये ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. पगार ४५० रुपये. त्या काळात हा मोठा पगार होता. दुसरा कोणी असता तर बंगला भाड्याने घेतला असता आणि आतापर्यंतच्या कष्टांची भरपाई केली असती. बाबासाहेब परळच्या चाळीतल्या दोन खोल्यांतच राहिले. घरखर्चाला ठरलेली रक्कम रमाबाईंच्या हातात देत आणि उरलेली साठवत. अर्धा राहिलेला लंडनचा अभ्यास पुरा करणे, हाच एक हेतू होता. १९२० साली ही शिल्लक, कोल्हापूरच्या शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले ५००० रुपयांचे कर्ज एवढ्यावर ते पुन्हा निघाले.

लंडनमधले त्यांचे दिवस वाचले की मेसमधल्या डाळीला नावे ठेवायची हिंमत होत नाही. सकाळी पावाचा एक तुकडा, थोडी मासळी आणि एक कप बोव्हरिल. मग चालत ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात, कारण बसचे भाडे वाचत असे. दुपारचे जेवण नाही, कारण त्याचेही पैसे वाचत आणि वेळही वाचे. ग्रंथालय बंद होईपर्यंत ते उठत नसत. रात्री खोलीवर वाचन आणि भूक फार लागली की भारतातून आणलेले पापड भाजून खाणे. अशा रीतीने १९२३ पर्यंत ते डी.एस्सी. आणि बॅरिस्टर झाले. गंमत म्हणजे एवढी पैशांची ओढाताण असताना त्यांनी प्रबंध लिहिला तो रुपयावरच. परदेशी चलनाच्या तुलनेत रुपयाचा भाव किती आहे यापेक्षा देशातल्या माणसाला त्या रुपयात काय विकत मिळते ते स्थिर राहिले पाहिजे, असा त्यांचा विचार होता. महागाई वाढली की मजुराचा पगार न कापताही कापला जातो. १९२५ मध्ये चलनाच्या प्रश्नावर आलेल्या हिल्टन यंग आयोगापुढेही त्यांनी साक्ष दिली. ते पुस्तक त्यांनी आपल्या आईवडिलांना अर्पण केले आहे. लेकीचा दागिना गहाण ठेवणाऱ्या सुभेदारांना तो मुलगा विसरला नव्हता.

इथे एक गोष्ट मला लिहिली पाहिजे, कारण भाषणांत ती एका वाक्यात उरकली जाते. लंडनमधली काटकसर बाबासाहेबांनी स्वतः निवडली होती. मुंबईतली काटकसर रमाबाईंना करावी लागली. नवरा परदेशात, हातात तुटपुंजे पैसे आणि संसार सगळा अंगावर. त्यांनी तक्रार न करता घर चालवले. त्यांच्या पाच मुलांपैकी चार मुले लहानपणीच गेली, एक यशवंतच वाढला. रमाबाई स्वतः १९३५ मध्ये वारल्या. बाबासाहेबांनी आपले पाकिस्तानवरचे पुस्तक त्यांना अर्पण केले आणि त्या हलाखीच्या दिवसांत त्यांनी जे सोसले त्याची आठवण त्यात ठेवली. मला वाटते, घरात एकजण काटकसर करून मोठा होतो तेव्हा त्या काटकसरीचा अर्धा भार दुसऱ्या कोणीतरी उचललेला असतो. आमच्यापैकी बहुतेकांच्या घरी ते काम आई करते.

आता कपड्यांचा प्रश्न. बाबासाहेबांचे फोटो पाहिले तर नीट शिवलेला सूट, टाय आणि खिशाला फाउंटन पेन. पेनांची त्यांना आवड होती. त्याच काळात गांधीजींनी १९२१ साली मदुराईत पंचा स्वीकारला, कारण देशातल्या गरिबाला तेवढेच कापड मिळत होते. वर्गात आमच्यात चर्चा झाली तेव्हा काहीजण म्हणाले की गांधीजी साधे होते आणि बाबासाहेब खर्चिक. मला हे पटत नाही. ज्याच्याकडे कपडे आहेत त्याने ते सोडले तर तो त्याग आहे. पण ज्यांना चांगले कपडे घालूच देत नव्हते, त्यांनी साधे राहण्यात त्याग कसला? बाबासाहेबांनीच आपल्या लेखनात राजस्थानातल्या चकवाडा गावाची हकीकत दिली आहे. यात्रेहून आलेल्या एका दलित माणसाने जेवणावळीत स्वतःच्या पैशाने आणलेले तूप वाढले, म्हणून गावातल्या लोकांनी पंगतीवर हल्ला केला. कुठे बायकांनी धातूच्या भांड्यातून पाणी आणले म्हणून मारहाण झाली. अशा ठिकाणी तूप आणि तांब्याची कळशी या चैनीच्या वस्तू राहत नाहीत. १९२७ च्या डिसेंबरमध्ये महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांना हेच सांगितले की जातीची ओळख पटवणारे जुने जड दागिने टाका, स्वच्छ आणि नीटनेटके राहा आणि मुलामुलींना शाळेत घाला. म्हणजे एका जागचा खर्च काढून दुसऱ्या जागी लावा. युनिफॉर्मला कडक इस्त्री करताना मला हे पटते. तो नखरा नसतो. आपण कोण आहोत हे आपण त्यातून सांगत असतो.

पुढे बॅरिस्टरी चालू लागल्यावर त्यांनी मुंबईत दादरला राजगृह नावाचे घर बांधले. त्यातली मोठी जागा पुस्तकांसाठी होती. बुडालेल्या जहाजातली पुस्तके परत मिळाली नाहीत, पण त्यांनी पुन्हा हजारो जमवली. १९४१ मध्ये व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर असताना त्यांनी महार सैनिकांची भरती पुन्हा सुरू व्हावी म्हणून प्रयत्न केले आणि त्याच वर्षी महार रेजिमेंट उभी राहिली. ज्या सैन्यात त्यांचे वडील सुभेदार होते त्याच सैन्यात त्यांच्या समाजाला पुढे भरती बंद झाली होती. ते दार पुन्हा उघडले. १९४६ मध्ये त्यांच्या संस्थेने मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू केले. ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत ते गेले.

आता आमच्या हॉस्टेलच्या वादाविषयी. पैसे उडवणारा आणि पैसे दाबून ठेवणारा, दोघांकडेही पैसे कशासाठी आहेत याचे उत्तर नसते. बाबासाहेबांकडे ते होते. म्हणून बसभाडे वाचवणारा माणूस पुस्तकाच्या दुकानात हात आखडत नव्हता आणि ४५० रुपये पगार असताना दोन खोल्यांत राहताना त्याला कमीपणा वाटत नव्हता. मित्रांनो, पॉकेटमनीच्या वहीत आपण जमा आणि खर्च असे दोन रकाने आखतो. मी या महिन्यापासून कशासाठी असा तिसरा रकाना आखला आहे. पहिल्या आठवड्यात त्यात समोसा तीनदा आला आणि बूट पॉलिश एकदा. महिनाअखेरीस बाबांना पाठवायच्या पत्रात मी तो रकानाही लिहून पाठवणार आहे.