केकी मूस : एका खोलीत जग उभं करणारा चाळीसगावचा छायाचित्रकार



रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असा समितीचा निरोप आला तेव्हा पहिल्यांदा वाटलं, सोसायटीच्या हिशेबावर लिहावं. पण खजिनदार असताना मी वार्षिक सभेत हिशेब वाचायला उठलो की निम्मे लोक चहाकडे वळायचे, हे मला चांगलं आठवतं. म्हणून माझ्या दुसऱ्या आवडीच्या विषयावर लिहितो, तो म्हणजे फोटोग्राफी. आणि फोटोग्राफीवर लिहायचं तर आपल्या खान्देशातल्या एका माणसाबद्दल लिहायला हवं. ते म्हणजे चाळीसगावचे कलामहर्षी केकी मूस.

माझं म्हणाल तर मी हौशी फोटोवाला. पहिल्या पगारातून आगफा क्लिक थ्री घेतला. एका रोलमध्ये फक्त बारा फोटो यायचे, त्यामुळे बटण दाबण्याआधी दहा वेळा विचार व्हायचा. पुढे एलटीसी घेऊन काश्मीर, कन्याकुमारी, दार्जिलिंग केलं आणि घरात अल्बमची चळत लागली. फोटो काढायचा तर लांब जायला पाहिजे, अशी माझी पक्की समजूत होती. अजिंठा, पाटणादेवी, धुळ्याजवळचा लळिंगचा किल्ला ही तर घरचीच ठिकाणं, तिथं कसला फोटो काढायचा! दोन वर्षांपूर्वी गुडघ्याचं ऑपरेशन झालं, फिरणं बंद झालं आणि कॅमेरा कपाटात गेला. आता हा छंद संपला, असंच मी धरून चाललो होतो. त्या दिवसांत मला केकी मूस पुन्हा आठवले.

त्यांचं पूर्ण नाव कैखुश्रू माणेकजी मूस. जन्म मुंबईचा, २ ऑक्टोबर १९१२. घर पारशी. वडील माणेकजी यांचा चाळीसगावात सोडावॉटरचा धंदा होता, त्यामुळे कुटुंब इकडं आलं. मुंबई आणि भुसावळच्या मधलं, धुळ्याला फाटा फुटणारं हे जंक्शन. मेल गाड्या थांबायच्या, साहेबलोकांची ये-जा असायची, म्हणून असे धंदे इथं चालायचे. केकी मात्र मुंबईला शिकले, विल्सन कॉलेजातून पदवीधर झाले. एकुलत्या एका मुलानं धंदा सांभाळावा अशी घरची अपेक्षा, आणि मुलाचं सगळं लक्ष चित्रांत. हे काय आपल्या घरोघरी चालतंच. वडील गेल्यावर आई पिरोजाबाईंनी मन मोठं केलं आणि मुलाला विलायतेला पाठवलं. ते साल १९३५.

इंग्लंडमध्ये त्यांनी कमर्शियल आर्टचं शिक्षण घेतलं, फोटोग्राफी शिकली. तिथून अमेरिका, जपान, रशिया, स्वित्झर्लंड असा प्रवास केला, प्रदर्शनं पाहिली, कलावंतांना भेटले. त्या काळात चाळीसगावच्या माणसानं एवढं जग पाहणं म्हणजे केवढी गोष्ट! हा माणूस आता मुंबईत मोठा स्टुडिओ थाटणार, असं कुणालाही वाटलं असतं. पण १९३८ मध्ये ते परत आले ते थेट चाळीसगावला. स्टेशनजवळच्या आपल्या बंगल्यात राहायला लागले आणि पुढं जवळजवळ पन्नास वर्षं त्या बंगल्याबाहेर पडलेच नाहीत म्हटलं तरी चालेल.

बंगल्याला त्यांनी रेम्ब्रांटचं नाव दिलं होतं, पुढं तो आशीर्वाद म्हणून ओळखला जाऊ लागला. रेम्ब्रांट हा हॉलंडचा सतराव्या शतकातला चित्रकार. अंधाऱ्या खोलीत एका बाजूनं आलेला उजेड चेहऱ्यावर कसा पडतो, ते त्यानं रंगवलं. ज्याला घरातच राहून फोटो काढायचे त्याला गुरू म्हणून हाच बरोबर! कारण घरात एकच गोष्ट बाहेरून येते, ती म्हणजे खिडकीतला उजेड.

ते घराबाहेर का पडले नाहीत, याची एक गोष्ट चाळीसगावात लहान पोरगंही सांगतं. मुंबईला त्यांची एक मैत्रीण होती. घरच्यांचा विरोध होता. निरोप घेताना तिनं शब्द दिला की मी एक दिवस पंजाब मेलनं चाळीसगावला येईन आणि आपण सोबत जेवू. तेव्हापासून म्हणे रोज रात्री पंजाब मेलच्या वेळेला ते बंगल्याचे दिवे लावायचे, दार उघडं ठेवायचे आणि दोघांचं ताट वाढून वाट पाहायचे. गाडी निघून गेली की दार बंद. गंमत म्हणजे पंजाब मेल सुरू झाली तेही साल १९१२, म्हणजे केकींच्या जन्माचंच. मी पडलो बँकेचा माणूस, व्हाउचर पाहिल्याशिवाय नोंद करायची सवय नाही. तेव्हा ही गोष्ट जशी ऐकली तशी सांगितली. पण एक खरं, लोकांनी ती गोष्टच लक्षात ठेवली आणि दार बंद झाल्यावर हा माणूस आत काय करायचा, ते मागं पडलं. माझ्या मते खरी गोष्ट ती आहे.

आत ते काम करायचे. चित्रं काढली, लाकडातून आणि मातीतून शिल्पं केली, कागदाच्या वस्तू केल्या, संगीतात रमले. पण त्यांचं नाव जगात झालं ते टेबलटॉप फोटोग्राफीमुळं. हा प्रकार आपल्याकडच्या तरुण मंडळींना माहीत नसेल, म्हणून जरा समजावून सांगतो. टेबलावर छोटासा देखावा मांडायचा. मीठ किंवा पीठ पसरलं की बर्फ झाला, वाळक्या काडीचं झाड झालं, खडीच्या तुकड्याचा डोंगर झाला, मागं पुठ्ठा लावला की आभाळ. मग एका बाजूनं दिवा द्यायचा, म्हणजे लांब सावल्या पडतात आणि सकाळ किंवा संध्याकाळ झाल्यासारखी वाटते. कॅमेरा टेबलाच्या उंचीवर, तिपाईवर घट्ट बसवायचा. भिंगाचं तोंड अगदी बारीक करायचं, म्हणजे जवळची काडी आणि मागचा डोंगर दोन्ही स्पष्ट येतात. तोंड बारीक केलं की उजेड कमी शिरतो, म्हणून फिल्मवर बराच वेळ उजेड पडू द्यावा लागतो. तेवढ्यात कुणी दार आपटलं की सगळं मुसळ केरात!

यात खरी मेख आहे मापाची. फोटोत माणसाचा हात किंवा चहाचा कप दिसला नाही तर डोळ्याला कळतच नाही की डोंगर चार इंचांचा आहे का चार हजार फुटांचा. आपला मे महिना तुम्हाला ठाऊकच आहे, पारा पंचेचाळीसला टेकतो. अशा चाळीसगावात एका बंद खोलीत बसून या माणसानं बर्फाळ प्रदेश उभे केले. स्वित्झर्लंड त्यांनी डोळ्यानं पाहिलेलं होतं, म्हणून ते जमलं. त्यांचा तीन वर्षांचा प्रवास त्यांना पन्नास वर्षं पुरला. आम्ही दर चार वर्षांनी एलटीसी घेतली आणि गाडीच्या खिडकीतून धावतं बघून आलो, तो प्रवास आम्हाला चार महिनेही पुरला नाही.

स्वतः घराबाहेर न पडता त्यांनी फोटो मात्र जगभर पाठवले. त्या काळी आंतरराष्ट्रीय प्रदर्शनांना प्रिंट टपालानं जायचे आणि निकालही टपालानंच यायचा. त्यांना देशोदेशीची मिळून तीनशेच्या घरात बक्षिसं मिळाली असं सांगतात. मोठमोठी माणसं त्यांच्याकडं येऊन गेली. पंडित नेहरूंचा फोटो त्यांनी काढला, बाबा आमट्यांशी त्यांचा स्नेह होता. पन्नास वर्षांत ते दोन-तीनदाच बाहेर पडले असतील, त्यातलं एक निमित्त होतं विनोबा भाव्यांचं. विनोबा चाळीसगाव स्टेशनवर येणार होते, तेव्हा केकी कॅमेरा घेऊन तिथवर गेले, अशी आठवण जुने लोक काढतात.

आता एक गोष्ट कबूल करतो. १९८४ ते १९८६ मी चाळीसगावला नोकरीला होतो. केकी तेव्हा हयात होते. स्टेशनकडं जाता-येता तो बंगला रोज दिसायचा. ब्रँचमधल्या आमच्या हेडकॅशियरनं दोन-तीनदा सुचवलं, की भो, तू एवढा फोटोचा नादी, एकदा जाऊन तर ये, आलेल्या माणसाला ते भेटतात. मी म्हणायचो, जाऊ कधीतरी. मनात संकोच होता. एवढा मोठा माणूस, त्यात एकलकोंडा, त्यांना माझे दार्जिलिंगचे फोटो काय दाखवायचे? शनिवार आला की मी धुळ्याच्या गाडीत बसायचो. बदली झाली आणि ते राहूनच गेलं. ३१ डिसेंबर १९८९ ला केकी मूस वारले, वय ७७. मी पेपरात वाचलं. अडीच वर्षं मी त्यांच्या दारावरून गेलो आणि एकदाही ते दार वाजवलं नाही. लोक म्हणतात ते पन्नास वर्षं वाट पाहत होते. ती वाट काही माझी नव्हती, हे मला कळतं. पण आपल्यासारखाच नाद असलेलं कुणीतरी येऊन बसावं, हे कुठल्या माणसाला नको असतं?

निवृत्तीनंतर शेवटी गेलो. बंगल्यात आता त्यांचं कलादालन आहे, विश्वस्त मंडळी ते सांभाळतात. फोटो, शिल्पं, जुन्या वस्तू, सगळं पाहिलं. एका टेबलटॉप फोटोपुढं मी बराच वेळ उभा राहिलो आणि काडी शोधत बसलो. सापडली नाही, झाडच दिसत राहिलं. दाखवायला ते स्वतः असते तर मी विचारलं असतं, हे कसं केलं. आता कुणाला विचारणार?

एक सांगायलाच हवं. त्यांच्यासारखं दार लावून घेऊन राहावं असं मी कुणालाही सुचवणार नाही. तसं राहणं सोपं नाही आणि चांगलंही नाही. त्यांच्याकडून घ्यायचं ते बघणं. गुडघ्यानं बसवल्यावर मी कपाटातला कॅमेरा काढला आणि जेवणाच्या टेबलावर नातीला घेऊन बसलो. सौभाग्यवतींचा रवा घेतला, त्याबद्दल बोलणीही खाल्ली. पहिला महिनाभर रवा रवाच दिसला. मग एका सकाळी पूर्वेच्या खिडकीतून तिरपा उजेड आला आणि त्याचं वाळवंट झालं. नातीनं टाळ्या वाजवल्या. काश्मीरच्या फोटोंना घरात कुणी टाळ्या वाजवल्याचं मला आठवत नाही. आता गेटवरचा कडुनिंब, पाण्याच्या टाकीवरचे पारवे, गच्चीवर वाळत घातलेले उडदाचे पापड, सगळं मी नव्यानं बघतो आहे. पंचवीस वर्षं हे सगळं इथंच होतं.

समितीला माझी एक विनंती आहे. रौप्यमहोत्सवाच्या कार्यक्रमात प्रत्येक घरातून एक फोटो घ्यावा, अट एकच, तो सोसायटीच्या कुंपणाच्या आत काढलेला असावा. मोबाइलवर काढलेला चालेल. आणि थंडीत एका रविवारी सगळे मिळून रेल्वेनं चाळीसगावला जाऊ. जळगावहून दीड-दोन तासांचं तर काम. सकाळी कलादालन पाहू, दुपारी पाटणादेवीला जेवू, रात्री घरी परत.

तोपर्यंत ज्यांना फोटोचा नाद आहे त्यांनी माझ्याकडं यावं. संध्याकाळी सहानंतर मी घरीच असतो. संकोच करू नका, तो मी एकदा करून बसलो आहे.

— एक ज्येष्ठ सभासद व माजी खजिनदार