जॉर्ज कोट्झियस : लेव्होडोपा आणि दिवसभरातले चढउतार

जॉर्ज कोट्झियस यांचा जन्म १९१८ साली ग्रीसमधील क्रीट बेटावर झाला. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीने ग्रीस जिंकल्यावर त्यांचे कुटुंब अमेरिकेत गेले. हार्वर्डमध्ये डॉक्टर होऊन ते पुढे न्यूयॉर्कजवळच्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत संशोधन करू लागले.

पार्किन्सन्स म्हणजेच कंपवातात मेंदूतील डोपामीन कमी होते. बाहेरून दिलेले डोपामीन मेंदूपर्यंत पोहोचत नाही, पण ज्यापासून ते तयार होते तो डोपा पोहोचतो. कोट्झियस यांच्याआधीही डॉक्टरांनी डोपा देऊन पाहिला होता, पण गुण फार काळ टिकत नसे. कोट्झियस यांनी अगदी थोड्या मात्रेने सुरुवात करून ती हळूहळू खूप वाढवली. १९६७ मध्ये त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले आणि पुढे लेव्होडोपा हे या आजाराचे मुख्य औषध ठरले. १९६९ मध्ये त्यांना लास्कर पुरस्कार मिळाला.

मात्र याच उपचारात काही रुग्णांचे हातपाय आपोआप वळवळू लागल्याचे त्यांना दिसले. शिवाय, काही वर्षांनी अनेकांमध्ये गोळीचा असर पुढच्या गोळीपर्यंत टिकेनासा होतो. डोपामीन साठवणाऱ्या पेशी कमी होत गेल्याने रक्तातील औषधाच्या चढउतारांबरोबर हालचालही बदलते. आहारातील प्रथिनांचा या असरावर परिणाम होतो, हे कोट्झियस आणि इस्माएल मेना यांनी १९७५ मध्ये मांडले. प्रथिनांतील काही घटक आणि लेव्होडोपा एकाच वाटेने मेंदूत शिरतात.

हे चढउतार घरीही ओळखता येतात. गोळीची वेळ जवळ येताच चाल मंदावते, कंप परत येतो, कधी घाम फुटतो किंवा जीव घाबरा होतो. गोळी घेतल्यावर काही वेळाने अंग वळवळत असेल, तर तो बहुधा औषधाचा अंमल असतो. त्याला कंप समजून मात्रा वाढवली, तर वळवळ आणखी वाढू शकते.

तपासणीच्या दहा मिनिटांत रुग्ण नेमका बरा दिसू शकतो. म्हणून गोळीची, जेवणाची आणि त्रासाची वेळ काही दिवस वहीत लिहून डॉक्टरांना दाखवावी. औषध स्वतःहून बदलू किंवा बंद करू नये.

कोट्झियस १९७७ मध्ये कर्करोगाने गेले. त्यांनी रूढ केलेले औषध आजही लाखो लोक घेतात. त्या औषधाची वेळ आणि मात्रा प्रत्येकासाठी वेगळी जुळवावी लागते, आणि त्यासाठी ती वही उपयोगी पडते.