वहीत उतरलेलं गाणं

आमच्या टिळक आळीतल्या घरी सध्या संध्याकाळी दहा थाटांची घोकंपट्टी चालते. बिलावल, कल्याण, खमाज... नात गाण्याच्या परीक्षेला बसते आहे आणि मारव्यापाशी आली की हमखास अडखळते. परवा वैतागून तिनं विचारलं की, आजोबा, हे थाट काढले तरी कुणी? मी म्हटलं, एका वकिलानं. तिला ती माझी नेहमीची थट्टा वाटली.

थट्टा नव्हती. विष्णु नारायण भातखंडे यांचा जन्म मुंबईत वाळकेश्वरला १० ऑगस्ट १८६० रोजी, गोकुळाष्टमीला झाला. एल्फिन्स्टन कॉलेज, बी. ए., एल्एल. बी., काही काळ कराचीत वकिली, मग मुंबईत. चारचौघांसारखंच सरळ आयुष्य. सतारीचा नाद तेवढा विद्यार्थिदशेपासूनचा. पुढे पारशी मंडळींच्या गायन उत्तेजक मंडळीत ते जाऊ लागले आणि तिथे बुवा-खाँसाहेबांकडून ध्रुपदं, ख्याल शिकले. तोवर हा छंदच होता. १९०० साली पत्नी गेली, १९०३ साली मुलगी गेली. घरात वाट पाहणारं कुणी उरलं नाही. भातखंड्यांनी वकिली बाजूला ठेवली आणि उरलेलं सगळं आयुष्य गाण्याच्या मागे लावलं.

१९०४ साली ते दक्षिणेत गेले. मद्रास, तंजावर करत एट्टयपुरमला सुब्बराम दीक्षितांना भेटले. रागांचं मेळांत वर्गीकरण करण्याची तिकडची जुनी, काटेकोर पद्धत त्यांनी समजून घेतली. पुढे उत्तरेत हिंडले. जिथे गवई तिथे हे. प्रश्न विचारायचे, चिजा मिळवायच्या, उतरवून घ्यायच्या. हे सोपं नव्हतं. चीज ही घराण्याची ठेव. ती जावयाला द्यायची की नाही याचाही विचार करणारे लोक होते. बँकेत पस्तीस वर्षं काढलेल्या मला हे चांगलं कळतं. लॉकरची किल्ली कुणी सहजासहजी दुसऱ्याच्या हाती देत नाही.

हिंडता हिंडता त्यांच्या ध्यानात आलं ते असं, की जुने संस्कृत ग्रंथ एक सांगतात आणि गवई दुसरंच गातात. दुसरा एखादा पंडित गवयांना चुकीचं ठरवून मोकळा झाला असता. भातखंड्यांनी आज जे गायलं जातं ते, म्हणजे ‘लक्ष्य’, प्रमाण धरलं. मात्र ते सांगितलं संस्कृतात, ‘श्रीमल्लक्ष्यसंगीतम्’ या ग्रंथातून, आणि तेही चतुरपंडित या टोपणनावानं. मग ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’ हा गुरुशिष्यांच्या प्रश्नोत्तरांचा मोठा मराठी ग्रंथ लिहिला आणि त्यात आधार दिला तो या चतुरपंडिताचा! आपलीच साक्ष आपणच काढायची. वकिली सुटली तरी वकील सुटला नव्हता, असं मला हे वाचताना नेहमी वाटतं.

स्वरलिपीही त्यांनी सोपी केली. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्राला खाली टिंब, तारसप्तकाला वर. ‘क्रमिक पुस्तक मालिके’च्या सहा भागांत शेकडो चिजा या खुणांनी छापल्या गेल्या. ठेव चव्हाट्यावर आली म्हणून पुष्कळ जण रागावले. कागदावर सांगाडा येतो, जीव येत नाही, असंही म्हटलं गेलं. ते खोटं नाही. पुस्तकातून कुणी दरबारी शिकला असेल असं मला वाटत नाही. उस्तादांविषयी त्यांच्या लिखाणात कधीकधी जो तोरा दिसतो तोही मला खटकतो. विद्या तर त्यांच्याकडूनच घेतली होती. पण पुस्तक नसतं, तर त्या चिजांतल्या कितीतरी गवयांबरोबरच गेल्या असत्या.

१९१६ साली सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयानं बडोद्याला पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, ती भातखंड्यांच्या खटपटीनं. १९१८ साली ग्वाल्हेरला माधव संगीत विद्यालय उघडलं. आणि १९२६ साली लखनौला मॅरिस कॉलेज निघालं. गाणं हा इतिहास-गणितासारखा वर्गात बसून, अभ्यासक्रमानं शिकण्याचा विषय झाला.

माझी बदली काही काळ लखनौला होती. एका सुट्टीच्या दिवशी कैसरबागेत हे कॉलेज पाहायला गेलो. ती जागा परीखान्याची. नवाब वाजिद अली शाह तिथे मुलींना नृत्य-गायन शिकवत असे. १८५६ साली इंग्रजांनी त्याचं राज्य काढून घेतलं आणि तो कलकत्त्याला जाऊन राहिला. आपल्या रत्नागिरीच्या माणसाला अशा राजाची कथा वेगळी सांगावी लागत नाही. थिबा राजाचा वाडा आपल्या उशाला आहे, त्याच्या आवारातल्या मैफली आपण ऐकल्या आहेत. पण परीखान्यात मी पाहिल्या त्या साध्या घरांतल्या मुली. खांद्याला पिशव्या, हातात वह्या, एकीची सायकल भिंतीला टेकलेली. भातखंड्यांच्या तरुणपणी सभ्य घरातली मुलगी गाणं शिकते म्हटलं की भुवया वर जात. शाळा, हजेरीपट, परीक्षा, दाखला आला आणि आईबापांची भीड चेपली. भातखंड्यांचे शिष्य श्रीकृष्ण रातंजनकर पुढे कितीतरी वर्षं तिथे प्राचार्य होते. त्यांच्याकडे शिकलेल्या सुमती मुटाटकर दिल्ली विद्यापीठात संगीत विभागाच्या प्रमुख झाल्या.

भातखंड्यांना आपल्या मुलीची आठवण या कामात कधी झाली असेल का, याचा विचार मी त्या पायऱ्यांवर बराच वेळ करत बसलो होतो. कादंबरी लिहिणाऱ्याची ही खोड. त्यांनी स्वतः गाण्याविषयी हजारो पानं लिहिली, घराविषयी फारसं लिहिलं नाही.

१९३३ साली अर्धांगवायूनं ते अंथरुणाला खिळले. १९ सप्टेंबर १९३६ रोजी, गणेश चतुर्थीला, मुंबईत त्यांचं निधन झालं. मॅरिस कॉलेजाला १९६६ साली त्यांचं नाव मिळालं आणि आज ते विद्यापीठ आहे.

हे सगळं मी नातीला सांगितलं. तिनं निम्मंच ऐकलं असावं. मग पेटी ओढली, क्रमिक पुस्तकाचं पान उघडून ठेवलं आणि मारव्याचा कोमल रिषभ लावून पाहिला. जरा चढा लागला. आतून तिच्या आजीनं, जिनं कधी कुठली परीक्षा दिली नाही, तोच स्वर नीट लावून दाखवला.