लोकशाहीचा शिक्षक : जॉन ड्यूई

अमेरिकेतील बर्लिंग्टन गावी १८५९ साली एका किराणा दुकानदाराच्या घरी जॉन ड्यूई यांचा जन्म झाला. तत्त्वज्ञानाच्या या प्राध्यापकाने १८९६ साली शिकागो विद्यापीठात एक प्रायोगिक शाळा काढली. तेथील मुले स्वयंपाक, सुतारकाम, विणकाम करता करता गणित व इतिहास शिकत. मिळून विचार करून काम तडीस नेणे हाच ड्यूईंच्या मते नागरिकत्वाचा पहिला धडा होय.

पुढे पत्रकार वॉल्टर लिपमन यांनी, सामान्य मतदाराला आधुनिक राज्यकारभार आकळणे अशक्य आहे, असा आक्षेप घेतला. ड्यूईंनी अडचण मान्य केली, निष्कर्ष मात्र नाकारला. तज्ज्ञांनी माहिती पुरवावी, पण कोणता प्रश्न निकडीचा हे लोकांनीच चर्चेतून ठरवावे, असे त्यांनी १९२७ च्या ग्रंथात मांडले. शेवटी ज्याचे जळते त्यालाच कळते!

कोलंबिया विद्यापीठात त्यांचे शिष्य होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. १९३६ च्या ‘जातिनिर्मूलना’त त्यांनी गुरूचे ऋण कृतज्ञतेने नोंदविले. ५ जून १९५२ रोजी कोलंबियाने बाबासाहेबांना सन्माननीय पदवी दिली. ड्यूई १ जूनलाच निवर्तले होते. गुरुशिष्यांची भेट थोडक्यात हुकली. केवळ मतदानाने लोकशाही पुरी होत नाही, हा गुरूचा विचार मात्र शिष्याने भारतात रुजविला.