रंग हुकले, यंत्र हाती आले

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांना चित्रकार व्हायचे होते. २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे जन्मलेला हा मुलगा मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाला आणि तिथे उघड झाले, की त्याला काही रंग नीट ओळखता येत नाहीत. रंगांधळेपणा पुरुषांत अधिक आढळतो, कारण लाल-हिरव्याचा भेद करणारी जनुके एक्स गुणसूत्रावर असतात आणि पुरुषाकडे ते एकच असते. नजर अधू नसते, रेघ स्पष्ट दिसते, फसवतो तो रंग. लक्ष्मणरावांनी रंग सोडले आणि रेघ ठेवली. ते यंत्रांची रेखाटने शिकले आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रसंस्थेत शिकवू लागले.

तिथली बढती एका अँग्लो-इंडियन सहकाऱ्याला मिळाली, तेव्हा त्यांनी नोकरी सोडून बेळगाव गाठले. बंधू रामूअण्णांबरोबर सायकलींचे दुकान होतेच. त्याला जोडून छोटी कार्यशाळा उभी राहिली. तिथे कडबा कापण्याचे यंत्र बनले आणि १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. नांगर खपायला दोन वर्षे लागली. पोटापाण्याचा पैसा गुंतलेल्या माणसाला दोन वर्षे म्हणजे काय, ते धंदा केलेल्यालाच कळेल.

त्या काळच्या कार्यशाळेत प्रत्येक यंत्राला स्वतंत्र मोटार नसे. एक इंजिन छताखालचा लांब दांडा फिरवी आणि त्यावरून चामड्याचे पट्टे एकेका यंत्रावर उतरत. लेथचा वेग बदलायचा तर पट्टा लहान-मोठ्या चाकांच्या पायऱ्यांवर सरकवायचा. मोठ्या चाकावर घेतला की वेग घटे आणि पीळ, म्हणजे फिरवण्याचा जोर, वाढे. कारागिराला हा हिशेब हातानेच कळत असे.

आज हा हिशेब पट्ट्याऐवजी विजेत दडला आहे. बेळगावाहून आंबोली घाट उतरले की सावंतवाडी, लाकडी खेळण्यांचे गाव. पुढे गोव्याच्या वाटेवर इन्सुली. इथल्या एखाद्याने पडवीत लाकूड कोरणारे छोटे सीएनसी यंत्र बसवायचे ठरवले, तर त्याच्यापुढे दोन वाटा असतात. एक, सुताराचा हातराउटर. त्याच्या मोटारीत कार्बनचे ब्रश असतात. तो स्वस्त, कुठेही मिळणारा आणि सरळ घरच्या प्लगवर चालणारा. पण त्याचा आवाज कानठळ्या बसवणारा असतो, ब्रश झिजतात आणि तासन् तास चालवण्यासाठी तो बनवलेला नसतो. दुसरी वाट तीन फेज मोटारीच्या स्पिंडलची. त्यात ब्रश नसतात, आवाज कमी आणि वेग हवा तसा बदलता येतो. मात्र मध्ये व्हीएफडी नावाचा ड्राइव्ह लागतो. तो घरची एक फेज घेऊन तीन फेज बनवतो आणि विजेची वारंवारता बदलून वेग बदलतो. दोन ध्रुवांच्या स्पिंडलला ४०० हर्ट्झ दिले की मिनिटाला सुमारे २४,००० फेरे.

इथे एक फसगत आहे. पट्टा सरकवल्यावर वेग घटून पीळ वाढे, तसे ड्राइव्हने होत नाही. वेग कमी केला की पीळ साधारण तेवढाच राहतो आणि ताकद मात्र घटते. २.२ किलोवॅटचा स्पिंडल ६,००० फेऱ्यांवर जेमतेम पाव ताकद देतो. बारीक कटरने आंब्याचे लाकूड कोरायला वेग हवा, तिथे तो उत्तम. जाड कटर हळू फिरवायचा असेल तर तोच दुबळा पडतो. शिवाय ४०० हर्ट्झच्या स्पिंडलला ड्राइव्ह ५० हर्ट्झला पूर्ण दाबाची वीज देईल असा जुळवला, तर गुंडाळी जळते. अर्थिंग चोख हवेच. फेजच्या तारा लाल, पिवळ्या, निळ्या असतात. रंग ओळखू न येणाऱ्याने टोकांवर अक्षरे लिहून घ्यावीत.

स्पिंडल कुठलाही घ्या, धूळ ओढणाऱ्या यंत्राचे पैसे आधी बाजूला काढा, असे मी म्हणेन. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाची धूळ माणसात निश्चित कर्करोग घडवणाऱ्या घटकांत धरली आहे. धोका मुख्यतः नाक आणि त्याभोवतीच्या पोकळ्यांना. तोंडावर चांगला मास्क, कानांवर संरक्षक, आणि फिरत्या कटरजवळ हातमोजे नकोत.

लक्ष्मणरावांची बेळगावची जागा नगरपालिकेच्या विस्तारात गेली. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. त्यांनी कुंडलजवळ ३२ एकर माळ आणि दहा हजार रुपये कर्ज दिले. निवडुंग आणि सापांनी भरलेल्या त्या माळावर १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसू लागली. रात्रीच्या पहाऱ्याला त्यांनी शिक्षा भोगून सुटलेली माणसे नेमली आणि वसाहतीत अस्पृश्यता पाळू दिली नाही.

पुढच्या पिढीत हरिहरला लेथ बनू लागले आणि १९४६ मध्ये बंगळुरूला विजेच्या मोटारींची कंपनी निघाली. छताखालच्या दांड्याचा जमाना सरत चालला होता. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव गेले. १९६९ मध्ये, त्यांच्या जन्मशताब्दीला, टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले.