अल्बर्ट आइन्स्टाइन : विज्ञानयुगातील तत्त्वचिंतन

प्रास्ताविक

विश्वाविषयीच्या प्रश्नांची उत्तरे प्रयोगशाळेतून मिळू लागल्यावर तत्त्वज्ञानाला काही कार्य उरले आहे काय, अशी शंका आपल्या मनात येणे स्वाभाविक आहे. या शंकेचा विचार आपण एका वैज्ञानिकाच्या चरित्राच्या आधारे करणार आहोत.

जडणघडण

आइन्स्टाइन यांचा जन्म १४ मार्च १८७९ रोजी जर्मनीतील उल्म येथे झाला. वयाच्या तेराव्या वर्षाच्या सुमारास त्यांनी कांटचे लेखन वाचावयास घेतले. १९०० मध्ये झुरिकच्या पॉलिटेक्निकमधील शिक्षण पूर्ण झाले, तरी त्यांना अध्यापनाची कायम जागा मिळाली नाही. १९०२ मध्ये ते बर्न येथील पेटंट कार्यालयात तृतीय श्रेणीचे तांत्रिक तज्ज्ञ म्हणून रुजू झाले. आठवड्याचे सहा दिवस कचेरी आणि उरलेल्या वेळात अध्ययन, हा त्यांचा क्रम आपणांपैकी अनेकांना परिचयाचा वाटेल. तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी मॉरिस सोलोव्हिन आणि गणिताचे अभ्यासक कॉनराड हाबिश्ट यांच्यासह त्यांनी एक वाचनमंडळ चालविले. थट्टेने त्याला ‘ऑलिंपिया अकादमी’ हे नाव देण्यात आले. ह्यूम, मिल, स्पिनोझा, माख आणि प्वँकारे यांचे ग्रंथ तेथे चर्चिले जात.

काळाच्या संकल्पनेची चिकित्सा

१९०५ मध्ये त्यांनी विशिष्ट सापेक्षतेचा सिद्धान्त मांडला. त्याच्या मुळाशी साधा दिसणारा प्रश्न होता : परस्परांपासून दूर असलेल्या दोन घटना एकाच वेळी घडल्या, असे म्हणण्याचा नेमका अर्थ काय? दूरच्या घड्याळांची वेळ जुळविण्यासाठी प्रकाशाच्या संकेताचा आधार घ्यावा लागतो. प्रकाशाचा वेग मात्र एकसमान गतीने जाणाऱ्या सर्व निरीक्षकांना सारखाच आढळतो. म्हणून एका निरीक्षकाला एकाच वेळी घडलेल्या वाटणाऱ्या घटना त्याच्या सापेक्ष गतिमान असलेल्या दुसऱ्या निरीक्षकाला तशा वाटतीलच असे नाही.

येथे एक बाब लक्षात घ्या. डच शास्त्रज्ञ लोरेंट्झ यांच्याजवळ जवळजवळ हीच समीकरणे होती. परंतु त्यांतील ‘स्थानिक काळ’ ही त्यांनी केवळ गणिती सोय मानली. आइन्स्टाइन यांनी काळाच्या संकल्पनेलाच हात घातला. अनुभवाशी नाते न सांगणाऱ्या संकल्पनांकडे संशयाने पाहण्याची दृष्टी ह्यूम व माख यांच्या वाचनातून मिळाली, हे त्यांनी पुढे स्वतः मान्य केले.

तत्त्वज्ञानाच्या मर्यादा

तथापि तत्त्वज्ञान नेहमीच योग्य वाट दाखविते, असा निष्कर्ष आपण काढू नये. अणू इंद्रियगोचर नाहीत, म्हणून माख यांनी त्यांचे अस्तित्व स्वीकारण्यास विरोध केला. आइन्स्टाइन यांनी १९०५ मध्येच ब्राउनीय गतीचे अणूंच्या आधारे विवेचन केले आणि पेराँ यांच्या प्रयोगांनी त्याला पुष्टी दिली. १९२२ मध्ये पॅरिस येथे तत्त्वज्ञ बर्गसाँ यांच्याशी झालेल्या चर्चेत तर तत्त्वज्ञांचा असा स्वतंत्र काळ नसतो, अशी भूमिका स्वतः आइन्स्टाइन यांनीच घेतली.

उत्तरायुष्य

१९३३ मध्ये नाझी राजवटीमुळे जर्मनी कायमची सोडून ते अमेरिकेत प्रिन्स्टन येथे स्थायिक झाले. १९३५ मध्ये पोडोल्स्की व रोझेन यांच्यासह त्यांनी एक शोधनिबंध लिहिला. पुंज यांत्रिकीने केलेले वास्तवाचे वर्णन परिपूर्ण आहे काय, असा प्रश्न त्यात होता. अनेक भौतिकशास्त्रज्ञांना तो निष्फळ तात्त्विक वाद वाटला. १९६४ मध्ये जॉन बेल यांनी त्या वादाला प्रयोगाने तपासता येईल असे रूप दिले. पुढील प्रयोगांचे निकाल आइन्स्टाइन यांच्या अपेक्षेविरुद्ध गेले आणि त्या प्रयोगांसाठी २०२२ चे नोबेल पारितोषिक देण्यात आले. उत्तर त्यांच्या विरोधात गेले, तरी प्रश्न फलदायी ठरला.

काही प्रश्न मात्र प्रयोगाच्या कक्षेत येतच नाहीत. युरेनियमपासून बॉम्ब तयार होऊ शकतो, हे अध्यक्ष रूझवेल्ट यांच्या निदर्शनास आणणाऱ्या १९३९ च्या पत्रावर आइन्स्टाइन यांची स्वाक्षरी होती. १८ एप्रिल १९५५ रोजी त्यांचे निधन झाले. त्यापूर्वी काही दिवस त्यांनी तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल यांच्या अण्वस्त्रविरोधी जाहीरनाम्यावर स्वाक्षरी केली. अणूचे विभाजन कसे होते हे भौतिकशास्त्राने सांगितले होते. त्या ज्ञानाचे काय करावे, हा निर्णय त्या शास्त्रातून निष्पन्न होत नव्हता.

समारोप

या चरित्रावरून तत्त्वज्ञानाची दोन कार्ये आपल्या ध्यानात येतील : विज्ञान ज्या संकल्पना गृहीत धरते त्यांची चिकित्सा करणे आणि ज्ञानाच्या उपयोगाविषयी मूल्यविचार करणे. अणूंच्या अस्तित्वासारख्या वस्तुस्थितीच्या प्रश्नांवर मात्र त्याने प्रयोगाचा कौल मानला पाहिजे.

स्वाध्याय

१. लोरेंट्झ व आइन्स्टाइन यांच्या भूमिकांतील भेद स्पष्ट करा.
२. ‘साक्षर’, ‘बेरोजगार’, ‘गरीब’ यांपैकी एक संकल्पना निवडा. तिचे मोजमाप कोणत्या गृहीतांवर अवलंबून असते, याची चर्चा करा.